फळीवर ठेवलेली सुरी

लालबागच्या मसाल्याच्या दुकानांपाशी शिंकायला सुरुवात करायची, आणि शिंका थांबल्या की डावीकडे बघायचं. तिथे परबांचं सुऱ्यांचं दुकान. हा पत्ता सुभद्राबाईंनी स्वतः तयार केलेला होता. फोनवर कोणी ‘लोकेशन पाठवा ना’ म्हणालं की त्या हाच सांगायच्या आणि वर ‘नाक आहे ना चांगलं?’ असंही विचारायच्या.

दुकान सासऱ्यांचं. चिंतामणी परबांनी ते थाटलं तेव्हा आपल्यामागे मुलगा बुधाजी बसेल अशी त्यांची समजूत होती. पण बुधाजी बेस्टमध्ये ड्रायव्हर झाला आणि त्याने जन्मभर स्टिअरिंग सोडून दुसऱ्या कशाला मनापासून हात लावला नाही. मग सासऱ्यांनी सुनेला समोर बसवलं. लोकांनी तोंडं वाकडी केली, ‘सून सुऱ्या परजते’ म्हणून हसले, आणि सहा महिन्यांनी आपापल्या घरच्या विळ्या तिच्याकडेच धार लावायला घेऊन आले. सुभद्राबाई हे सगळ्यांना सांगत. न विचारता सांगत.

त्या दुकानाच्या दोन रीती होत्या. पहिली म्हणजे सुरी कधी हातातून हातात द्यायची नाही. तशी दिली तर देणाऱ्या-घेणाऱ्यात वैर येतं असं म्हणतात. गल्ल्यापुढे सागाची एक गुळगुळीत फळी होती. सुरी त्या फळीवर ठेवायची आणि गिऱ्हाइकाने ती आपल्या हाताने उचलायची. वैराचं कोणास ठाऊक, पण सासऱ्यांनी त्यातून निराळाच फायदा काढला होता. माणूस सुरी कशी उचलतो यावर त्यांची नजर असायची. कोणी मुठीत आवळतो, कोणी बोट पात्याच्या पाठीवर ठेवतो, कोणी घाबरत चिमटीत धरतो. त्यावरून ते ओळखत, की या हाताला कसली धार लागेल.

कारण दुसरी रीत अशी, की मांडणीवरच्या सुऱ्यांना धारच नसायची. पाती लोहाराकडून तापवून, पाणी देऊन यायची, इथे त्यांना मुठी बसायच्या आणि बोथटच्या बोथट त्या टांगल्या जायच्या. एक तर समुद्राच्या हवेत नुसती टांगलेली धार टिकत नाही. आणि दुसरं, सुभद्राबाई म्हणत तसं, ‘ब्लाऊज कोणी माप न घेता शिवतं काय गो?’ गिऱ्हाईक आलं की विचारायचं, कोण कापणार, काय कापणार, बसून की उभ्याने. मग निसणा, म्हणजे धार लावायचा तो लांबट काळा दगड, पाण्यात बुडवून त्याच्यावर सुरी फिरवायची. बांगड्याची धार वेगळी, मेथीची वेगळी. मग टोपलीतला टोमॅटो गिऱ्हाइकाकडूनच कापून घ्यायचा. टोमॅटो नीट कापला गेला तरच सुरी बाहेर. ‘या दुकानातून बोथट सुरी कधी बाहेर गेली नाही,’ हे वाक्य सुभद्राबाई इतक्या वेळा म्हणत, की समोरचा इस्त्रीवालाही ते त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायचा.

त्यांची मुलगी अपूर्वा लोअर परळच्या एका ऑफिसात नोकरीला होती. दुसऱ्यांच्या वस्तू इंटरनेटवर खपवण्याचं काम. शांपू, गाद्या, कुत्र्यांची बिस्किटं. एकदा जेवताना ती म्हणाली, “आई, लोक आता सुऱ्यासुद्धा ऑनलाइन घेतात. फोटो बघतात आणि घेतात.”

“फोटोवरून सुरी? उद्या फोटोवरून नवरा घेशील.”

“तू तसाच घेतलास ना?”

यावर सुभद्राबाई हसल्या, कारण ते खरं होतं. अपूर्वाने तेवढ्यावरून परवानगी मिळाली असं धरलं. तिने सुऱ्यांचे सुंदर फोटो काढले, सागाच्या फळीवर, मागे लाल मिरच्या. ‘परबांच्या सुऱ्या’ असं नाव दिलं, आजोबांबद्दल दोन वाक्यं लिहिली आणि मुंबईपुरत्या ऑर्डरी घ्यायचं ठरवलं. सुभद्राबाई पुतणीच्या लग्नाला मालवणला निघाल्या होत्या. बॅग उचलता उचलता त्या म्हणाल्या, “काय करायचं ते कर. दुकानाचं नाव तेवढं सांभाळ.”

आठवड्याने त्या परत आल्या आणि थेट दुकानात गेल्या. मांडणीची वरची ओळ जवळजवळ रिकामी होती. अपूर्वा स्टुलावर बसून चेहऱ्यावर ‘सांगू का, सांगू का’ असा आनंद घेऊन वाट बघत होती.

“सगळ्या गेल्या? ऑनलाइन?”

“सगळ्या. दादर, परळ, शिवडी, गिरगाव. काय मस्त पॅकिंग केलं होतं माहितेय!”

सुभद्राबाईंची छाती भरून आली. लेकीने करून दाखवलं. त्यांनी रिकाम्या खिळ्यांवरून कौतुकाने हात फिरवला. फिरवता फिरवता हात थांबला.

“धार कोणी लावली?”

“म्हणजे?”

“अगो, धार. सुऱ्यांना धार कोणी लावली?”

“त्यांना असतेच ना? तू वरून आणखी लावतेस, गिऱ्हाइकासमोर...” अपूर्वाचं वाक्य तिथेच विरलं.

आता यात चूक कोणाची, ते सांगायला हवं, नाहीतर लोक उगाच पोरीला बोल लावतील. अपूर्वा याच दुकानात लहानाची मोठी झाली, पण मांडणीवरच्या एकाही सुरीच्या पात्याला तिने कधी बोट लावलेलं नव्हतं; फोटोच्या आणि पॅकिंगच्या वेळीही तिने फक्त मुठीलाच धरलं होतं. तीन वर्षांची असताना तिने एकदा हात वर केला आणि सुभद्राबाईंनी असा धपाटा घातला, की त्यांच्यासमोर तो हात पुन्हा वर गेलाच नाही. जिला कधी पात्याला हात लावू दिला नाही, तिला सुरी बोथट आहे हे कळणार कसं? आणि सुभद्राबाईंना वाटत होतं, परबांच्या घरातल्या पोरीला हे सांगायचं असतं काय?

अपूर्वाने मान खाली घालून फोन पुढे केला. सुऱ्यांच्या सुंदर फोटोखाली कोणा अभयने एकच तारा देऊन लिहिलं होतं: ‘नाव मोठं ऐकलं होतं. या सुरीने टोमॅटो कापला जात नाही, चेचला जातो. लाज वाटायला हवी.’

“एक तारा म्हणजे किती?”

“पाचांतला एक. त्याच्याखाली काही देताच येत नाही, आई.”

सुभद्राबाईंनी अभयचं लिहिणं पुन्हा एकदा मोठ्याने वाचलं. ते ऐकून समोरच्या इस्त्रीवाल्यानेही इस्त्री उचलून धरली. सासऱ्यांनी जन्मभर सांभाळलेलं आणि त्यांनी स्वतः मिरवलेलं ते एक वाक्य आता खोटं झालं होतं. तेही एकदा नाही, शिवडीपासून गिरगावापर्यंत, छान खोक्यात घालून.

“मी सगळ्यांना सॉरीचा मेसेज टाकते,” अपूर्वा रडवेली होऊन म्हणाली. “सुऱ्या परत मागवून घेते. पुढच्या खरेदीला कूपन देते.”

“माफीने टोमॅटो कापला जातो काय?” सुभद्राबाईंनी निसणा ओल्या फडक्यात गुंडाळला आणि पिशवीत घातला. “पत्ते आहेत ना तुझ्याकडे? मग चल.”

आणि त्या खरोखरच घरोघर गेल्या. आधी फोन करून ‘येतो’ म्हणून सांगायचं, मग बस पकडायची, जिने चढायचे, ओट्यापाशी उभं राहून विचारायचं, कोण कापणार, काय कापणार. हिंदमात्याला साड्यांच्या दुकानवाल्यांच्या घरी ती सुरी पार्सलं फोडायला लावली होती. ‘तेवढ्याला बरी आहे हो,’ घरची बाई समजुतीने म्हणाली, आणि ते ऐकून सुभद्राबाईंना शिवी ऐकल्यासारखं झालं. शिवडीला एका तरुण जोडप्याला सुरी बोथट आहे हेच कळलेलं नव्हतं; पहिलाच संसार, त्यांना वाटलं होतं कांदा असाच कापायचा असतो. धार लागल्यावर त्या पोराने कापलेला कांदा बायकोला हाक मारून दाखवला. दादरच्या एका आजोबांनी आधी दरवाजाच उघडला नाही. जाळीतूनच सांगितलं, की ते काही विकत घेत नाहीत. सुभद्राबाई जाळीतूनच म्हणाल्या, “विकून झालंय आजोबा. आता द्यायला आलेय.”

गिरगावही झालं. शेवटी उरला तो एक तारा देणारा अभय. त्याला फोन केला तर तो ‘या’ एवढंच म्हणाला.

तो राहायचा परळला, एका टॉवरमध्ये. फाटकावरच्या सिक्युरिटीवाल्याने पिशवीकडे बघितलं.

“बॅग में क्या है, मावशी?”

“सुरी आणि दगड.”

तो दोन पावलं मागे सरला. “कोणाकडे जायचंय?”

“ज्याने मला एक तारा दिलाय त्याच्याकडे.”

अपूर्वाने मध्ये पडून नाव सांगितलं, वरून फोनवर होकार आला, तेव्हा कुठे लिफ्ट मिळाली. अभयने दार उघडलं. तिशीतला, चष्मा, अंगात ऑफिसचा शर्ट. बैठकीच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली ताजी फुलं. त्याने पाणी विचारलं, बसा म्हणाला, पण राग काही लपला नव्हता.

“मावशी, तुम्ही स्वतः आलात, बरं वाटलं. पण खरं सांगू? मला सुरीचं काही नाही. दुसरी आणली असती. माझ्या आईला काय वाटलं, त्याचा मला राग आहे.”

मग त्याने सांगितलं. त्याची आई बकुळाबाई. इथेच मागच्या चाळीत सगळा जन्म गेला. मागच्या वर्षी तिचा उजवा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, डाव्याला सवय लावा, काहीतरी काम करत राहा. आई म्हणाली, मग मला परबांची सुरी आण, त्यांच्याकडची सुरी असली की मी डाव्याने पण कापीन. अभयला दुकानात जायला सवड होईना. एक दिवस फोनवर ‘परबांच्या सुऱ्या’ दिसल्या आणि त्याने आनंदाने मागवून टाकली.

“आईने टोमॅटो घेतला. तो चेचला. दुसरा घेतला, तोही तसाच. तिला वाटलं सुरी तर परबांची आहे, म्हणजे माझाच हात गेला. तेव्हापासून ती किचनमध्ये आलेली नाही. मी तिला म्हणालो, सुरी खराब असेल. ती ऐकायलाच तयार नाही. म्हणते, परबांची सुरी खराब नसते.”

त्या बाईने लुळ्या हातापेक्षाही परबांच्या शब्दावर जास्त भरवसा ठेवला होता. सुभद्राबाईंनी दुकानाच्या नावाचा एवढा अभिमान बाळगला, पण ते नाव कोणाच्या असं जिव्हारीही लागू शकतं, हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि ते लपवलंही नाही.

“आईला बोलाव,” त्या म्हणाल्या. “आणि टोमॅटो काढ. असतील तेवढे.”

बकुळाबाई भिंतीला धरून आल्या. बारीक अंगाच्या, नजर तरतरीत. सुभद्राबाईंनी ओटा पुसला, बोथट सुरी त्यावर ठेवली आणि हात मागे घेतला.

बकुळाबाईंनी त्या ठेवलेल्या सुरीकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “तुमचे सासरे असंच ठेवायचे. हातात नाही द्यायचे. मी परकर घालून यायची विळीला धार लावायला, तेव्हापासून बघितलंय.”

“उचला बघू.”

बकुळाबाईंनी डाव्या हाताने सुरी उचलली. सुभद्राबाई वाकून बघत राहिल्या. मूठ नीट आवळली जात नव्हती, अंगठा पात्याच्या पाठीवर जात होता आणि पातं बाहेर कलंडत होतं. “ठेवा,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी निसणा बेसिनमध्ये ओला केला, ओट्यावर फडकं अंथरलं आणि कामाला लागल्या. डाव्या हाताला लागते तशी एका अंगाने जास्त, दुसऱ्या अंगाने जेमतेम. सगळं घर त्या आवाजाने भरून गेलं. मग पिशवीतून सुती दोरा काढून त्यांनी तो मूठ जाड होईपर्यंत गुंडाळला, घट्ट गाठ मारली आणि सुरी पुन्हा ओट्यावर ठेवली.

“बकुळाबाई, एक सांगते. हात तुमचा गेला नव्हता. सुरीच बोथट होती. आमच्या दुकानातून बोथट सुरी बाहेर गेली, आणि ती तुमच्याकडे आली. चूक माझी.”

“माझी,” मागून अपूर्वा म्हणाली.

“तू गप. तुझी कशी? तुला कधी शिकवलं मी?”

बकुळाबाईंनी सुरी उचलली, टोमॅटोवर टेकवली आणि ओढली. चकती बाजूला पडली, पातळ, अख्खी, बियासुद्धा न सांडता. त्यांनी दुसरी कापली. मग तिसरी. पहिला टोमॅटो संपला तसा त्यांनी न विचारता दुसरा घेतला. टोमॅटो संपले तेव्हा काकडी घेतली.

“आई, आता पुरे,” अभय म्हणाला.

“तू बाहेर जाऊन बस,” बकुळाबाई म्हणाल्या. “आणि कोथिंबीर दे आधी.”

अभय हसला आणि हसता हसता त्याने चष्मा काढून पुसला. निघताना तो दारापर्यंत आला. “मावशी, मी ते काढून टाकतो. एक तारा. आत्ताच.”

“अजिबात काढू नकोस,” सुभद्राबाई ठसक्यात म्हणाल्या. “तू खरं लिहिलंस. सुरी बोथटच होती. खोटं असतं तर मी तुझ्याशी भांडायला आले असते. राहू दे तिथेच, सगळ्यांना दिसू दे. पुढे काय झालं, वाटलं तर तेही लिही.”

त्याने त्याच संध्याकाळी लिहिलं. तारा एकच ठेवला आणि खाली जोडलं: ‘सुरीवाली स्वतः घरी आली. आज आईने कोशिंबीर केली.’

बसमध्ये मायलेकी शेजारी शेजारी बसल्या. तिकिटं काढून झाल्यावर अपूर्वा म्हणाली, “आई, ऑनलाइन बंद करू?”

सुभद्राबाईंनी खिडकीबाहेर बघत विचार केला. दुकान सोडून कुठे सुरी विकायची नाही, असं त्या आयुष्यभर म्हणत आल्या होत्या. पण बकुळाबाई दुकानापर्यंत येऊच शकत नव्हत्या. “बंद कशाला? पण हात बघितल्याशिवाय सुरी जाणार नाही. कसं करायचं ते तू बघ. ते तुझं काम.”

आणि अपूर्वाने केलं. ‘परबांच्या सुऱ्या’वर आता अशी अट आहे, की आधी घरातल्या सुरीने कांदा कापतानाचा व्हिडिओ पाठवायचा, चेहरा नको, फक्त हात. त्याशिवाय ऑर्डर घेतली जात नाही. ऑफिसातले तिला म्हणाले, असं केलंस तर कोणी घेणार नाही. पण लोक पाठवू लागले. सुभद्राबाई दुपारी चहा घेत ते व्हिडिओ बघायच्या आणि फोनवरच ओरडायच्या, “बोटं आत घे, मेल्या! अंगठा जाईल!” मग मायलेकी भांडत ठरवायच्या, की या हाताला काय द्यायचं. पुढेपुढे अपूर्वाचंच बरोबर येऊ लागलं.

एका रविवारी सुभद्राबाईंनी निसणा पाण्यातून काढला आणि सागाच्या फळीवर ठेवला. हातात दिला नाही. ठेवला आणि हात मागे घेतला. अपूर्वाने आईकडे बघितलं, तीन वर्षांची असल्यापासून खाली ठेवलेला हात वर केला आणि दगड दोन्ही हातांनी उचलला. सुभद्राबाईंची नजर तिच्या हातांवरच होती.

पुढचे कित्येक रविवार पोरीने जुनी पाती झिजवली. बोटं कापून घेतली, निसणा वाकडा घासला, शिव्या खाल्ल्या. गणपती तोंडावर आले, लालबागला पाय ठेवायला जागा राहिली नाही, आणि त्या गर्दीतून गिरगावची एक प्रिती नावाची बाई घाम पुसत दुकानात शिरली. मोदकांसाठी खोबऱ्याचे काप करायला आणि एरवीच्या भाजीसाठी सुरी हवी होती, आणि फार घाई होती.

“थांबा जरा,” सुभद्राबाई म्हणाल्या. “आज माझी मुलगी लावणार आहे धार.” आणि त्या गल्ल्यामागून उठून गिऱ्हाइकाच्या स्टुलावर येऊन बसल्या. त्या स्टुलावर त्या यापूर्वी कधी बसल्या नव्हत्या.

अपूर्वाने सुरी फळीवर ठेवली. प्रितीने उचलली, अपूर्वाने बघून घेतलं. विचारलं, बसून की उभ्याने. मग निसण्यावर पातं फिरू लागलं. आवाज बराचसा बरोबर होता. धार झाली, सुरी फळीवर आली, प्रितीने टोपलीतला टोमॅटो घेऊन कापला. चकती पडली.

“वा! मस्तच आहे. द्या, मी निघते.”

चकती पडली होती हे खरं. पण शेवटाला साल क्षणभर अडली आणि मग सुटली. सुभद्राबाईंच्या ते लक्षात आलं होतं. बाजारातल्या कुठल्याही सुरीपेक्षा ती सुरी बरी होती, गिऱ्हाईक खूश होतं, पोरीची पहिलीच सुरी होती. त्यांनी जीभ दाताखाली धरली.

“नाही, आत्ता नाही देत,” अपूर्वा म्हणाली. “शेवटाला सालीवर अडकली. तुम्ही बघितलं नाही, मी बघितलं.”

“अहो, मला चालेल. मला खरंच घाई आहे.”

“तुम्हाला चालेल हो. पण या दुकानातून बोथट सुरी बाहेर जात नाही.” तिने सुरी उचलली आणि पुन्हा निसण्याकडे वळली.

समोरच्या इस्त्रीवाल्याने मान वर केली. ते वाक्य त्याने हजारदा ऐकलं होतं, पण त्या आवाजात पहिल्यांदाच.

सुभद्राबाईंना इतका अभिमान वाटला, की त्यांना काय करावं कळेना. मग त्यांनी शेजारचं दुसरं स्टूल प्रितीपुढे सरकवलं.

“बसा हो,” त्या म्हणाल्या. “तिने नाही म्हटलं ना, मग आता माझंही काही चालायचं नाही.”